शेंगेन व्हिसा स्वतः काढताना: अर्ज कुठे, कागद कोणते आणि अडतं कुठे

युरोपचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन गटातल्या देशांचा, व्हिसा एजंटशिवाय काढता येतो. एजंट हवाच असा नियम नाही, आणि त्याच्या ओळखीने व्हिसा मिळतो हेही खरं नाही. अर्ज केंद्रातली माणसंसुद्धा फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो, आणि बहुतेक वेळा तो तुम्हाला न भेटता नुसती फाइल बघून घेतो. तरी लोक वैतागतात, कारण सगळं उलट्या क्रमाने मागितलं जातं. अपॉइंटमेंटला तारखा हव्यात, तारखांना साहेबांची रजा हवी, रजेला प्रवास पक्का हवा आणि प्रवास पक्का व्हायला व्हिसा हवा! यातून वाट अशी काढायची की आधी तारखा ठरवायच्या, मग अपॉइंटमेंटची वेळ, म्हणजे स्लॉट, घ्यायचा, आणि पैसे अडकतील असं काहीही शेवटी करायचं.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? शेंगेनमध्ये 29 देश आहेत. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच देशाकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून आधी शिरणार त्याच्याकडे. ‘अमुक देशाचा लवकर मिळतो’ असं ऐकून भलतीकडे अर्ज करू नका. हॉटेलची बुकिंगंच तुमची चुगली करतात.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळीचा फराळ संपला की स्लॉट बघायला लागा. मेमध्ये शाळांना सुट्टी, म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो. मुंबईखेरीज पुण्यातही बऱ्याच देशांची अर्ज केंद्रं आहेत.

पात्रतेच्या अटी सरळ आहेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतल्यानंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या दिवसांसाठी लागू असलेला. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर; कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ‘शेंगेनचा’ म्हणून सांगा, नाहीतर नेहमीचा पासपोर्ट साइज देऊन मोकळे होतात. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना नाही. केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही.

आता खरी डोकेदुखी, बँक स्टेटमेंट. शिल्लक किती हवी, हा प्रश्न सगळे विचारतात. पण अधिकारी शिल्लकेइतकाच पैसा कुठून आला तेही बघतो. दर महिन्याला पगार जमा होणारं, घरखर्च दिसणारं साधं खातं बरं. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून घेतलेले तीन लाख त्यात उठून दिसतात. खरोखरच एफडी मोडली किंवा प्लॉट विकला असेल तर त्याचा कागद लावा आणि अर्जासोबतच्या पत्रात, म्हणजे कव्हर लेटरमध्ये, एक ओळ लिहा. स्टेटमेंटवर बँकेचा सही-शिक्का घ्या. जोडीला पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र आणि कंपनीचं रजामंजुरीचं पत्र. त्या पत्रातल्या तारखा विमा, हॉटेल आणि विमानाच्या तारखांशी जुळल्याच पाहिजेत. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी शंकेला जागा राहते.

आई-वडील शेतकरी असतील तर पगाराची स्लिप कुठून आणणार? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रही बहुधा नसतं. अशा वेळी सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या बिलांच्या पावत्या आणि त्या रकमा जमा झालेलं खातं दाखवावं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत लावा. खर्च तिकडचा मुलगा-मुलगी करणार असेल तर तिथलं अधिकृत हमीपत्र लागतं. जर्मनीत ते परदेशी नागरिक कार्यालयातून मिळतं; फ्रान्समध्ये घरी राहणार असाल तर नगरपालिकेकडून निवासाचं पत्र घ्यावं लागतं. ते तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून स्लॉटच्या आधीच त्यांना कामाला लावा.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, बँकेत नुसती आद्याक्षरं, आणि लग्नानंतर आडनाव आधारवर बदललेलं पण पासपोर्टवर माहेरचंच. फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. जन्माच्या आडनावाचा रकाना वेगळा असतो. कागदांवर दोन नावं असतील तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मुलांचा जन्मदाखला लागतोच. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागतं.

विमानाचं तिकीट व्हिसाआधी विकत घेऊ नका, रिझर्व्हेशन पुरतं. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, पण निर्णय येईपर्यंत ते रद्द करू नका. बुकिंग खरं आहे का, याची तपासणी होऊ शकते.

नकार आला तर छापील फॉर्मवर कारणापुढे खूण असते. ‘प्रवासाचा हेतू पटला नाही’ किंवा ‘परत जाल याची खात्री वाटत नाही’ अशा धर्तीची ती कारणं. वाचून संताप होतो, कारण नेमका कोणता कागद खटकला ते बहुधा कळत नाही. दाद कशी मागायची हे त्याच पत्रात दिलेलं असतं. जर्मनीने मात्र वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय 1 जुलै 2025 पासून बंद केली. आता कोर्ट, नाहीतर नवा अर्ज. साध्या पर्यटनासाठी कोर्टापेक्षा उणीव भरून काढलेला नवा अर्ज मला जास्त व्यवहार्य वाटतो.

व्हिसा मिळाला की केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, किती वेळा प्रवेश. वैधतेची मुदत आणि राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे आहेत: मुदत महिनाभराची आणि दिवस 15 असतील तर 15 दिवसच राहता येतं. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरलेल्या भारतीयांना एप्रिल 2024 च्या नियमानुसार दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, तेव्हा जुने पासपोर्ट टाकू नका. आणि विमा, हॉटेल, परतीचं तिकीट यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा असला तरी उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी त्या पुन्हा मागू शकतो.