काळी टोपी दोघांचीही, अंडी मात्र एकाचीच

दर एप्रिलमध्ये कुणीतरी तलावावरच्या काळ्या टोपीच्या पांढुरक्या पक्ष्याचा, म्हणजे सुरयाचा (इंग्रजीत टर्न) फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "आमच्या गावात सुरयाची वीण सुरू." त्याच आठवड्यात दुसरा कुणी वैनगंगेच्या रेतीवर बसलेल्या सुरयाला "सैबेरियाचा पाहुणा" ठरवून मोकळा होतो. दोन्ही चूक, आणि दोन्ही नेमकं उलटं. जो इथं घरटं करत नाही त्याचं आपण बारसं करतो, आणि जो इथलाच आहे त्याला पाहुणा म्हणतो.

हे दोन वेगळे सुरय आहेत. पहिला नदी सुरय, तो तुम्हाला ठाऊकच आहे. पवनीच्या घाटावर, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यावर, वर्धा नदीच्या पात्रात बारमाही दिसणारा. लांब पिवळी चोच, तांबडे पाय, खोल दुभंगलेली शेपटी, आणि मासा दिसला की दगडासारखा पाण्यात पडणारा. त्याच्याबद्दल जास्त सांगत नाही.

दुसरा तो छोटा, इंग्रजीत व्हिस्कर्ड टर्न, मी त्याला कल्लेवाला सुरय म्हणतो. हिवाळ्यात बोड्यांवर (शेतातल्या छोट्या तळ्यांवर), मामा तलावांवर (जुन्या मालगुजारी तलावांवर), शिंगाड्याच्या वेलांवर घिरट्या घालतो. हा सहसा बुडी मारत नाही, पाण्याच्या वरच्या वर किडे, बेडकाची पिल्लं टिपतो. शेपटीची खाच जेमतेम, चोच आखूड. आकाराकडे आणि शेपटीकडे नीट पाहिलं तर दोघांत गोंधळ होऊच नये. समुद्रपक्ष्यांच्या पुस्तकात दोघांचे फोटो शेजारी छापतात म्हणून तो होतो, असं मला वाटतं. "सुरय म्हणजे समुद्राचा पक्षी" हे वाक्यही सोडून द्या. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर घरटी करणारे सुरय आहेत, तसा ग्रीनलँडहून अंटार्क्टिकाला जाऊन परत येणारा, वर्षाला सरासरी सुमारे 70,000 किलोमीटर उडणारा आर्क्टिक सुरयही आहे. आपला नदी सुरय मात्र समुद्रावर सहसा फिरकत नाही.

खरा घोळ होतो तो पिसांवरून. फेब्रुवारीपासून कल्लेवाल्याचा रंग पालटू लागतो. डोकं गच्च काळं होतं, पोट राखाडी-काळं होतं, चोच गडद लाल होते, आणि गालावर पांढरा पट्टा उठून दिसतो, तेच त्याचे कल्ले. हा विणीचा पोशाख आहे, यात शंका नाही. पण विणीचा पोशाख म्हणजे वीण नव्हे! दिवस मोठे होऊ लागले की शरीरात बदल होतात आणि नवी पिसं इथंच, हिवाळी मुक्कामातच येतात. वऱ्हाड घरूनच कपडे करून निघतं. नवरदेव बाशिंग बांधून एसटी स्टँडवर दिसला म्हणून लग्न स्टँडवर लागत नाही. हे पक्षी पुढं उत्तरेकडं जातात. काश्मीरची सरोवरं, गंगेचं मैदान, आसामचे पाणथळ भाग, मध्य आशिया, तिथं कुठं. तिथं पाणवनस्पतींवर तरंगतं घरटं करतात. आपल्या बोडीवर एप्रिलभर, कधी मेमध्येही दिसले, तरी ते निघायच्या तयारीतले असतात किंवा न विणणारे.

याच कल्लेवाल्याच्या काळ्या पोटाचा फोटो दाखवून "काळ्या पोटाचा सुरय सापडला" अशी बातमी करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो खरा काळ्या पोटाचा सुरय दुर्मीळ झाला आहे. त्याची चोच नारिंगी असते, शेपटी लांब आणि खोल दुभंगलेली. खोटी नोंद झाली की तो अजून बरा आहे असं कागदावर दिसतं, आणि त्याची काळजी कुणी करत नाही.

आता नदी सुरयाचं उलटं. हिवाळ्यात त्याची टोपी विरळ होते, चोचीचं टोक काळं पडतं, म्हणून लोकांना तो "नवा आलेला" वाटतो. तो कुठूनच आलेला नसतो. मार्च ते मे या काळात, पाणी उतरलं की नदीतल्या रेतीच्या बेटावर उथळ खळगी करून त्यात दोन-तीन अंडी घालतो. अंडी रेतीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. एका एप्रिलच्या दुपारी डांगरवाडीच्या पलीकडं बसून मी पाहिलं, मादी नदीवर जाऊन पोट पाण्यात टेकवायची, ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसायची, थोड्या वेळानं पुन्हा जायची. रेती इतकी तापली होती की माझ्या पायाला चपलेतूनही चटका बसत होता. डोंगा बांधून सावलीला आलेले एक ढीवर (मासेमार) काका म्हणाले, "तिकडून नको जाऊ बाबू, तिकडे पाखरायची अंडी असते."

त्यांना माहीत होतं. घाटावरच्या ट्रॅक्टरवाल्याला माहीत नसतं, आणि नेमका तोच मोसम त्याचा. पावसाळ्यात रेतीचा उपसा बंद, म्हणजे सगळा जोर उन्हाळ्यात. धरणातून अवेळी पाणी सोडलं तरी बेट रातोरात बुडतं. कुत्री आणि कावळे आहेतच. नदी सुरय धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे, आणि हे सगळं त्याच्या वाट्याला येतं ते तो पाहुणा नसल्यामुळं. कल्लेवाला मेपर्यंत निघून जातो, त्याच्या घरट्याला आपल्या रेतीशी घेणंदेणं नाही.

एप्रिलमध्ये काळी टोपी दिसली तर आधी तो कशावर आहे ते पाहा. शिंगाड्याच्या तलावावर छोटा, आखूड शेपटीचा असेल तर "निघायच्या वाटेवर" अशी नोंद करा. नदीच्या रेतीवर मोठा, पिवळ्या चोचीचा असेल आणि तुम्ही पुढं सरकताच ओरडत डोक्यावर झेपावत असेल, तर जागच्या जागी थांबा. पाऊल टाकण्याआधी खाली पाहा, पिल्लू बैलाच्या खुराच्या ठशात रेतीला चिकटून पडलेलं असतं, हलत नाही.