मॉटलीबाईंचे सात महिने

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयांतला, न्यायाधीश व्हायला परीक्षा नसते. तिथल्या राज्यघटनेत वयाची, पदवीची, वकिलीच्या वर्षांची एकही अट नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाव द्यायचं, सिनेटने मंजूर करायचं. एकदा खुर्ची मिळाली की महाभियोगाचा अपवाद सोडला तर हयातभर हलवणारं कुणी नाही. म्हणून उमेदवाराची आधीची वाटचालच तपासली जाते. ज्या कामामुळे नाव पुढे येतं, त्याच कामामुळे ते अडतंही. कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांची गोष्ट याचा सगळ्यात ठसठशीत नमुना आहे.

त्यांचा जन्म १९२१चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबांत स्वयंपाकी होते, आणि घरात बारा भावंडं. कॉलेजचा खर्च झेपणं शक्यच नव्हतं. पण एका सभेतलं तिचं भाषण क्लॅरन्स ब्लेक्सली या गोऱ्या व्यावसायिकाने ऐकलं आणि शिक्षणाचा भार उचलला. १९४६मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळाली. त्याच्या आधीच, १९४५पासून, ती थरगुड मार्शल या वकिलांच्या हाताखाली, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या कायदेविषयक शाखेत काम करू लागली होती.

पुढची वीस वर्षं तिथेच गेली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन खटल्यातल्या मूळ दाव्याच्या लेखनात त्यांचा हात होता. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी १० खटले लढवले आणि ९ जिंकले. हरलेला एक १९६५चा, ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याबद्दलचा. त्यातला महत्त्वाचा भाग खुद्द न्यायालयानेच १९८६मध्ये फिरवला, तेव्हा तीही हार फार टिकली नाही म्हणायची.

पण इथे महत्त्वाचा खटला जेम्स मेरेडिथचा. मिसिसिपी विद्यापीठ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला दारात उभं करायला तयार नव्हतं. मॉटलीबाई न्यूयॉर्कहून पुन्हा पुन्हा तिथे जात राहिल्या. शेवटी ऑक्टोबर १९६२मध्ये त्याला प्रवेश मिळाला, तोही केंद्राच्या बंदोबस्तात. आदल्या रात्रीच्या दंगलीत दोन माणसं मेली होती.

१९६४मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर गेल्या, १९६५मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन बरोच्या, म्हणजे विभागाच्या, अध्यक्ष झाल्या. त्यांना वरच्या, म्हणजे अपील न्यायालयात बसवावं असा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा विचार होता. विरोध दिसल्यावर ते एक पायरी खाली आले आणि जानेवारी १९६६मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी मॉटलीबाईंचं नाव पाठवलं.

फाइल गेली सिनेटच्या न्यायविषयक समितीकडे. अध्यक्ष जेम्स ईस्टलंड, मिसिसिपीचे सिनेटर, कापसाच्या मळ्याचे मालक आणि वर्णभेदाचे उघड समर्थक. ज्यांच्या राज्याच्या विद्यापीठाचं कुलूप बाईंनी उघडलं, त्यांच्याच टेबलावर बाईंचे कागद! कम्युनिस्ट असल्याचा आरोपही करून झाला. सात महिने गेले. ३० ऑगस्ट १९६६ला मंजुरी मिळाली आणि अमेरिकेला पहिली कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश मिळाली.

खुर्चीत बसल्यावरही जुनी वकिली पाठ सोडेना. १९७५मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या एका बड्या लॉ फर्मविरुद्धचा स्त्री-पुरुष भेदभावाचा दावा त्यांच्यापुढे आला. फर्मचं म्हणणं, स्वतः स्त्री आणि कृष्णवर्णीय असलेल्या, असल्याच खटल्यांत वकिली केलेल्या न्यायाधीशांनी यातून बाजूला व्हावं. बाईंनी नकार दिला. वंश, लिंग किंवा पूर्वायुष्य एवढंच कारण पुरत असेल, तर या न्यायालयातल्या एकाही न्यायाधीशाला हा खटला ऐकता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. मला तरी यावर प्रतिवाद सुचत नाही.

१९८२मध्ये त्या याच जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. अपील न्यायालयाची बढती मात्र आलीच नाही. २००५मध्ये त्यांचं निधन झालं.

२०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव जाहीर झालं तेव्हा केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी भाषणात मॉटलीबाईंची आठवण काढली. दोघींचा वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर, बरोबर ४९ वर्षांच्या अंतराने. जॅक्सनबाई आधी सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या वकील होत्या. सिनेटच्या त्याच समितीपुढे त्यांना ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्यांच्या वकिलीवरून छेडलं गेलं. शेवटी सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी मंजुरी दिली.