कुळीथ मिठामुळे गणंग राहत नाहीत

‘कढणाच्या कुळथात आधी मीठ घालू नकोस, दाणे शिजत नाहीत,’ हे घरोघरी आजीपासून नातीपर्यंत सगळ्या सांगत आल्या आहेत. पण ते खरं नाही.

दाण्याच्या सालीतलं पेक्टिन, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं द्रव्य, कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट धरलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल उलट मऊ पडते. रात्री भिजवतानाच 1 लिटर पाण्यात 2 चहाचे चमचे मीठ घालून बघा. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात कुळीथ शिजवा. दाणा चिमटीत दाबला की पिठासारखा पसरतो.

मग गणंग राहतात कशाने? दमट हवेत वर्षभर पडून राहिलेल्या जुन्या मालाने, बोअरच्या जड पाण्याने आणि घाईने टाकलेल्या आमसुलाने. आंबटात पेक्टिन लवकर विरघळत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो दाणे पुरते शिजल्यावरच घाला. मग शिजलेले मूठभर कुळीथ वाटून त्याच पाण्यात कालवायचे आणि वर तुपात जिरं-लसणीची फोडणी द्यायची. कढण छान दाट होतं.

मीठ शेवटी घातलं तर ते पाण्याला लागतं, दाणा आतून अळणीच राहतो. मला तर आधी मीठ घालण्याचं हेच मोठं कारण वाटतं.