पेसमेकर बसवणे : पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

हृदयाचे ठोके फार मंद पडत असतील किंवा मध्येच काही क्षण थांबत असतील, तर ते ठरावीक गतीच्या खाली जाऊ नयेत म्हणून शरीरात कायमचे बसवले जाणारे विद्युत उपकरण म्हणजे पेसमेकर. टायटॅनियमची चपटी डबी, तिच्यात लिथियमची बॅटरी आणि ठोके मोजणारे मंडल (सर्किट), आणि डबीतून शिरेवाटे हृदयात जाणारी एक, दोन किंवा तीन लीड (तारा) अशी त्याची रचना असते. डबीचे वजन साधारण २० ते ३० ग्रॅम भरते. ती बहुधा छातीच्या डाव्या बाजूला, कॉलर बोनच्या खाली, कातडीच्या आत ठेवतात. ‘हार्ट ब्लॉक’ ऐकताच घरच्यांना अँजिओप्लास्टी आठवते. पण इथे रक्तवाहिनी तुंबलेली नसते, वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विद्युत संदेश अडलेला असतो. त्यामुळे पेसमेकर धमन्या मोकळ्या करत नाही.

निरोगी माणसाच्या हृदयाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये ते ३०-४० पर्यंत उतरतात. डोळ्यांपुढे अंधारी येणे, अचानक कोसळणे, दोन जिने चढताच धाप लागणे ही त्याची लक्षणे. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील करोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला. तो काही तासच चालला. लार्सन मात्र एकामागून एक वीसहून अधिक पेसमेकर वापरत २००१ पर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट त्यांच्या आधी गेले.

पूर्वतयारी

पहिले काम म्हणजे पेसमेकर खरोखर लागणार आहे का, हे ठरवणे. बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांसारख्या औषधांनी, रक्तातले पोटॅशियम वाढल्याने किंवा थायरॉइड मंदावल्यानेही ठोके कमी होतात, आणि कारण दूर झाले की पूर्ववत होतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही याच गटातले. थेंबांना औषध कोण म्हणतो? म्हणून ते डॉक्टरांना सांगायचे राहून जातात. रोजच्या गोळ्यांबरोबर थेंब, काढे, चूर्णे असे सगळे एका पिशवीत घालून नेणे हा सर्वांत सोपा उपाय. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका आल्यानंतरचा ब्लॉकही पुष्कळदा काही दिवसांत आपोआप सुटतो. तोवर मानेतून किंवा जांघेतून तात्पुरती तार घालून काम भागवतात.

निदानासाठी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. ईसीजीत काही सापडत नसेल, तर २४ तास किंवा त्याहून अधिक काळ होल्टर (ठोके सतत नोंदवणारे छोटे यंत्र) लावतात. शस्त्रक्रियेआधी रक्तगणना, साखर, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याचा काळ (पीटी-आयएनआर) या तपासण्या होतात. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पायावरची चिघळलेली जखम असे काही असेल, तर तातडी नसल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. असे पुढे ढकलणे नातेवाइकांना टाळाटाळ वाटते, पण रक्तातून डबीपर्यंत पोचलेला जंतू औषधांनी सहसा हटत नाही. शेवटी सगळे उपकरणच बाहेर काढावे लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा. पूर्वी वॉरफरिन बंद करून मधल्या काळात हेपारिनची इंजेक्शने देत. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वॉरफरिन चालू ठेवलेल्या रुग्णांपैकी ३.५ टक्के रुग्णांत डबीच्या जागी रक्ताची मोठी गाठ झाली, तर हेपारिन दिलेल्यांत १६ टक्के. तेव्हापासून धोरण उलटले. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आणि क्लोपिडोग्रेल यांचा निर्णय रुग्णागणिक बदलतो. स्टेंट बसवलेल्या माणसाने त्या स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

आदल्या दिवशी अंघोळ, छातीवरचे केस वस्तऱ्याऐवजी क्लिपरने काढणे (वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात), सुमारे सहा तास उपाशी राहणे आणि मधुमेहाच्या सकाळच्या डोसाबद्दल विचारून घेणे, एवढे पुरते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला सहसा डावी बाजू निवडतात. डावखुऱ्याने ते आधीच सांगावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र भरती होतानाच दिले, तर मंजुरीत वेळ जात नाही.

शस्त्रक्रिया

ती कॅथ लॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत), बहुधा जागा बधिर करून होते. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांचे बोलणे त्याला ऐकू येते. एकूण साधारण तासाभराचा खेळ असतो : छेद देण्याआधी तासाभरात प्रतिजैविक, मग चार-पाच सेंटिमीटरचा छेद, शिरेतून लीड आत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात रोवणे, विद्युत मोजमाप, डबीसाठी कातडीखाली खिसा आणि टाके. फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा भरणे किंवा लीड जागेवरून सरकणे अशा गुंतागुंती थोड्या रुग्णांत होतात. म्हणून नंतर छातीचा एक्स-रे काढतात. एक-दोन दिवसांत घरी सोडतात.

घरी आल्यावर

पहिले चार ते सहा आठवडे महत्त्वाचे. लीडचे टोक हृदयाच्या भिंतीत पक्के धरायला तेवढा काळ लागतो. तोवर त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर न्यायचे नाही आणि चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. व्यवहारात याचा अर्थ : उंच दोरीवर कपडे वाळत घालणे, लोकलची कडी धरून लटकणे, पाण्याची बादली, हातपंप, सूर्यनमस्कार हे सगळे बंद. केस विंचरायला आणि अंबाडा घालायला दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी.

पण याच्या उलटी चूक जास्त आढळते. घाबरून हात अंगाशी बांधून ठेवला की महिन्याभरात खांदा आखडतो, आणि तो सोडवणे जखमेपेक्षा जिकिरीचे होते. हात गळ्यात अडकवायची झोळी पहिल्या रात्रीपुरती, फार तर एक-दोन दिवस. त्यानंतर खांद्याच्या उंचीखाली हात रोज हलवत राहावा. आखडलेल्या खांद्यासाठी पुढे फिजिओथेरपी घ्यायची वेळ आलीच, तर पेसमेकरची माहिती आधी द्यावी. शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युत लहरींनी दिला जाणारा शेक) अशा रुग्णाला वर्ज्य आहे.

जखम सात ते दहा दिवस कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, तेल, मलम काही लावू नये, आणि आंबट खाल्ल्याने ती पिकेल या समजुतीने ताटातले पदार्थही कमी करू नयेत. थोडे निळेपण आणि कातडीखाली टणकपणा अपेक्षित असतो. वाढती सूज, लाली, पाझर, ताप, पुन्हा येणारी चक्कर किंवा पोटाचा पडदा उडून न थांबणारी उचकी यांसाठी मात्र पेसमेकर बसवलेल्या रुग्णालयातच जावे. सुजेत सुई घालून पाणी काढण्याचा उद्योग जवळच्या दवाखान्यात करू देऊ नये. निर्जंतुक खिशात जंतू नेण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. डबी बोटांनी चाचपत, फिरवत बसण्याची सवयही वाईट : लीड तिच्याभोवती गुंडाळली जाऊन हृदयातून निसटू शकते.

मोटारीचा पट्टा टाळू नये. भारतीय मोटारीत चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि शेजारच्या प्रवाशाचा डाव्या, म्हणून टोचतो तो शेजारी बसणाऱ्याला. मधे मऊ रुमाल ठेवला की झाले. गाडी स्वतः कधी चालवायची, हे चक्कर येण्याच्या इतिहासावर ठरते.

विजेची भीती

मायक्रोवेव्ह, मिक्सर, टीव्ही यांचा त्रास नाही. मोबाइल डबीपासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे सदऱ्याच्या वरच्या खिशात नको. इंडक्शनच्या शेगडीपासून ६० सेंटिमीटर अंतर सांगतात, आणि आपल्या अरुंद ओट्यांपुढे ते पाळणे अवघडच. विमानतळ किंवा मॉलच्या दारातल्या तपासणी-चौकटीतून न रेंगाळता चालत जावे. वेल्डिंगचे काम करणाऱ्याने डॉक्टरांशी वेगळे बोलावे. एमआरआय अलीकडच्या बहुतेक उपकरणांसह शक्य असते, पण डबी आणि लीड दोन्ही त्यासाठी योग्य हव्यात. हे पेसमेकरच्या ओळखपत्रावरून ठरवता येते, म्हणून ते कपाटात लॅमिनेट करून ठेवण्यापेक्षा पाकिटात बाळगावे.

तपासण्या आणि पुढचा काळ

लीडच्या टोकाशी सुरुवातीला सूज असल्याने विद्युत स्पंद मुद्दाम जोरकस ठेवतात. साधारण तीन महिन्यांनी तपासून तो कमी करतात. ही भेट चुकवली तर बॅटरी विनाकारण लवकर संपते. पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी पुरते. बॅटरी साधारण ७ ते १५ वर्षे टिकते. ती संपत आली की डबीच बदलतात. लीड चांगल्या असतील तर त्याच राहतात, त्यामुळे हाताचे निर्बंधही कमी असतात. काही रुग्णांना आता बिनतारी, कॅप्सूलच्या आकाराचा पेसमेकर जांघेतील शिरेतून थेट हृदयात बसवतात. त्यात छातीवर खिसा नसतो आणि खांद्याची ही सारी पथ्येही नसतात.

मृत्यूनंतर दहनाआधी डबी काढावी लागते, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. ही गोष्ट घरच्यांनी रुग्णालयात किंवा स्मशानभूमीत वेळेवर सांगायला हवी. काढलेल्या उपकरणांत पुष्कळदा काही वर्षांची बॅटरी शिल्लक असते. अमेरिकेतून दान मिळालेले असे पेसमेकर पुन्हा निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवल्याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता.