शैक्षणिक चित्रफीत

एखादी कृती वा प्रक्रिया हलत्या चित्रांतून आणि निवेदनातून शिकविणारी चित्रफीत. भारतात तिचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत मागे नेता येतो. कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची टप्प्याटप्प्याने चित्रे घेऊन त्यांनी केलेला ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट साधारणपणे १९१२ चा मानतात. काही अभ्यासक तो थोडा आधीचा धरतात. तो मुख्यतः पुढील चित्रपटासाठी भांडवल उभे करण्यासाठी केलेला असल्याने, चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा त्यांचाच १९१७ चा लघुपट या प्रकाराला अधिक जवळचा वाटतो.

चित्रफितीचा लाभ ‘दृश्य अध्ययनार्थ्यां’ना, म्हणजे पाहून अधिक चांगले शिकणाऱ्यांना, विशेष होतो, असे नेहमी म्हटले जाते. ही संज्ञा रूढ करण्यात शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या अध्ययनशैलींच्या वर्गीकरणाचा (दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन, कृती) मोठा वाटा आहे. मात्र त्यांच्या ‘दृश्य’ गटात आकृत्या, नकाशे, आलेख येतात; चित्रफीत येत नाही. शिवाय शिकणाऱ्याच्या शैलीनुसार शिकविल्याने अध्ययन सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडला. शब्द आणि चित्र यांची स्मृतीत दुहेरी नोंद होते, हे मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांचे मत व त्यावर उभे राहिलेले रिचर्ड मायर यांचे संशोधन अधिक ग्राह्य ठरते. त्यानुसार चित्र आणि त्याला जोडून आलेले निवेदन बहुतेक सर्वांनाच उपयोगी पडते, विशेषतः विषयाची पूर्वओळख नसलेल्यांना.

खरा फरक विषयामुळे पडतो. मोदकाच्या पारीला कळ्या पाडताना चिमटीत किती पीठ धरायचे, दुसऱ्या हाताने पारी कशी फिरवायची, हे पानभर लिहूनही उमगत नाही. करणाऱ्याच्या खांद्यामागून घेतलेल्या चित्रणात ते चटकन दिसते. उकड किती मऊ हवी, हे मात्र हातालाच कळते. दृश्य पुढे सरकले की निसटते, म्हणून लहान तुकडे आणि थांबवून मागे नेण्याची सोय मोलाची.

महाराष्ट्रात पुण्याच्या बालचित्रवाणी या संस्थेने १९८४ पासून शालेय कार्यक्रम तयार केले. २०१७ मध्ये ती बंद झाली. मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणक-प्रणालींचे साधारण दहा मिनिटांचे पाठ असून त्यांतील अनेकांना मराठी निवेदन आहे. पडद्याच्या एका भागात पाठ आणि दुसऱ्या भागात तीच प्रणाली उघडी ठेवून, थांबत थांबत कृती करीत जावे, अशी त्यांची रचना आहे.