मुलग्यांची स्वच्छता : कातडी मागे ओढायची सवय आली कुठून?

सोलापुरात बाळंतिणीच्या घरी सकाळी न्हाऊ घालणारी बाई येते. न्हाणीत पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर घेते, कोमट तेलाची वाटी जवळ ओढते. छाती, हातपाय, पाठ झाली की टाळू भरते. कानात तेल, नाकात तेल, बेंबीत तेल. मुलगा असला की शूच्या जागेची पुढची कातडी बोटांनी मागे सारून तिथेही दोन थेंब सोडते. माझा मुलगा बारा दिवसांचा असताना आमच्याकडे हे झालं. तो कळवळून रडला. मी पुढे झाले तर मावशी म्हणाल्या, "रोज थोडं थोडं उघडावं लागतं ओ, न्हाई तर पुढं पोराला त्रास." त्यांनी शेकडो बाळं न्हाऊ घातली होती आणि माझं पहिलंच. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी लंगोटावर रक्ताचा बारीक डाग होता आणि शू करताना बाळ दरवेळी ताठ होऊन रडत होतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, जखम बरी होईल म्हणाले आणि एवढंच सांगितलं, "याला हात लावायचा नाही."

त्या एका वाक्यामागे शे-दीडशे वर्षांचा उलटसुलट इतिहास आहे, हे मला पुढे वाचताना कळलं. मुलाला घेऊन ओपीडीत बसलेल्या आईला "अजून उघडत नाही" ही जी धास्ती वाटते, ती त्या इतिहासातूनच आलेली आहे.

आधी शरीराचं पाहू. पोटात असतानाच बाळाच्या शिश्नाच्या टोकावर कातडीचं आवरण तयार होतं. या आवरणाची आतली बाजू आणि शिश्नाचं टोक, ज्याला मणी म्हणतात, जन्माच्या वेळी एकमेकांना चिकटलेले असतात. नख खालच्या मांसाला जसं धरून असतं, तसंच. मधे मोकळी जागाच नसते, त्यामुळे मळ साचेल कुठे? पुढे काही वर्षांत या दोन थरांमधल्या पेशी हळूहळू झडतात आणि थर आपोआप सुटे होत जातात. झडलेल्या पेशींचे पांढरे, साबुदाण्याएवढे गोळे कधी कधी कातडीखाली दिसतात. आया घाबरतात, पू झाला म्हणतात. तो पू नसतो. तो थर सुटत असल्याची खूण असते, आणि वाट मिळाली की गोळा आपणहून बाहेर पडतो. शू करताना कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते, तेही या वयात चालतं. धार नीट येत असेल, मूल रडत नसेल, तर त्यात आजार नाही.

आता मागचा काळ. आपल्याकडे सुश्रुतसंहिता या जुन्या शल्यग्रंथात क्षुद्ररोगांच्या, म्हणजे किरकोळ आजारांच्या, यादीत या जागेचे तीन विकार दिले आहेत. निरुद्धप्रकश म्हणजे कातडी मण्याला धरून बसते, मणी उघडा होत नाही आणि मूत्राची धार मंद होते. परिवर्तिका म्हणजे कातडी मागे जाऊन तिथेच अडकते. अवपाटिका म्हणजे कातडी फाटते, आणि तिच्या कारणांत हाताने जोर लावून कातडी उलटवणं स्पष्ट सांगितलेलं आहे. निरुद्धप्रकशावरचा उपचारसुद्धा सबुरीचा आहे: तुपाने माखलेली, दोन्ही बाजूंनी उघडी नळी बसवायची आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड नळी घ्यायची. हा उपाय आज कोणी करू नये. पण न्हाणीतली ओढाओढ 'आपली जुनी परंपरा' म्हणून सांगितली जाते तेव्हा मला हे आठवतं. जोराने कातडी फाटते हे त्या परंपरेतल्या शल्यवैद्याने लिहून ठेवलेलं आहे.

भीतीचा उगम पश्चिमेकडचा. 1870 साली न्यूयॉर्कमधले अस्थिरोगतज्ज्ञ लुईस सेयर यांच्यापुढे नीट चालता न येणारा पाच वर्षांचा मुलगा आला. घट्ट कातडीमुळे मज्जातंतू चाळवले जातात आणि म्हणून पाय लुळे पडतात, असं त्यांनी ठरवलं, त्याची सुंता केली आणि मुलगा बरा झाल्याचं जाहीर केलं. मग फिट्सपासून अनेक दुखण्यांचं खापर या कातडीवर फुटू लागलं. न सुटलेली कातडी म्हणजे जन्मजात 'फायमोसिस', म्हणजे आजार, असा समज इंग्लंड-अमेरिकेत पक्का झाला आणि तान्ह्या मुलांची सुंता दवाखान्यात सर्रास होऊ लागली. बाळाची नैसर्गिक अवस्था आजारांच्या यादीत गेली ती अशी.

तिला तिथून बाहेर काढायला सुरुवात केली केंब्रिजचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी. डिसेंबर 1949 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. त्यांनी फार साधी गोष्ट केली होती: मुलं तपासून नोंदी ठेवल्या. नवजात मुलांपैकी फक्त 4 टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे जात होती. म्हणजे 96 टक्के मुलांना जो आजार म्हटला जात होता, तो आजारच नव्हता. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये सुंतेमुळे दरवर्षी सुमारे 16 लहान मुलं दगावतात, हेही त्यांनी मांडलं. राष्ट्रीय आरोग्य सेवा तिथे 1948 मध्ये नुकतीच सुरू झाली होती. या सेवेत वैद्यकीय कारण नसलेल्या सुंतेला जागा राहिली नाही आणि तिथली प्रथा झपाट्याने ओसरली.

पण गेर्डनर यांच्याच लेखातून एक नवी अडचण निघाली. त्यांच्या आकड्यांप्रमाणे तीन वर्षांच्या 90 टक्के मुलांची कातडी मागे जाते. हा आकडा पुस्तकांतून उतरत राहिला. "तीन वर्षं झाली, अजून उघडत नाही? मग बघावं लागेल," हे वाक्य आजही कानावर पडतं, त्याचं मूळ इथे आहे.

पुढच्या पाहण्यांत हा वेग टिकला नाही. डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर यांनी 6 ते 17 वयाच्या 1,968 शाळकरी मुलांची पुन्हा पुन्हा तपासणी केली. एकूण 9,545 नोंदी झाल्या आणि 1968 मध्ये त्या छापून आल्या. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी 63 टक्के मुलांमध्ये आतले थर कुठे ना कुठे चिकटलेले होते. सोळा-सतराव्या वर्षी हेच प्रमाण 3 टक्के उरलं. खरोखर घट्ट कातडी सहा-सात वर्षांत 8 टक्के मुलांमध्ये होती, सोळा-सतराव्या वर्षी 1 टक्का. 1996 मध्ये जपानमधल्या 603 मुलांच्या पाहणीतही हाच उतार दिसला: सहा महिन्यांखालच्या 84 टक्के बाळांत आढळलेलं कातडीचं घट्ट कडं 11 ते 15 वयाच्या मुलांत 9 टक्क्यांच्याही खाली आलं होतं.

ऑस्टर यांचे आकडे मी कागदावर लिहून कितीतरी मैत्रिणींना दाखवलेत. पहिलीतल्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांचं 'अजून पूर्ण उघडलेलं नाही' हे कळल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आहे.

अमेरिकेतही 1971 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजात बाळाच्या सुंतेला ठोस वैद्यकीय कारण नाही असं म्हटलं. तिची भूमिका पुढे बदलत गेली, पण सुंता न झालेल्या मुलाची काळजी कशी घ्यावी याबद्दलचा सल्ला एकच राहिला: कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका. 1990 नंतर आणखी एक सोय झाली. कातडी खरोखर घट्ट असेल तर स्टेरॉइडचं सौम्य मलम काही आठवडे लावून ती सैल होते आणि बहुतेक मुलांचं ऑपरेशन टळतं. मलम डॉक्टरांनी लिहून दिलेलंच लावायचं, शेजारणीच्या घरातलं नाही.

सोलापुरात या विषयाला आणखी एक पदर आहे, आणि तो मोकळेपणाने बोलायला हवा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं इथे शेजारी-शेजारी नांदतात. मुस्लिम घरांत सुंता हा श्रद्धेचा संस्कार आहे. त्याचा या टिपणाशी संबंध नाही. पण दुसऱ्या घरातल्या आईला डॉक्टर जेव्हा "सुंता करावी लागेल" म्हणतात, तेव्हा "आमच्यात हे नसतं" या विचाराने ती हबकते. मग ती दोनपैकी एक करते: दवाखाना टाळून घरीच रोज जोर लावते, नाही तर गुपचूप ऑपरेशन उरकून घेते. लक्षण फक्त 'उघडत नाही' एवढंच असेल, तर दोन्ही गोष्टी अनाठायी आहेत. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

जोर लावल्याने होतं काय, हे माझ्या मुलाच्या लंगोटावर दिसलं होतं. बारीक चिरा पडतात. त्या भरताना व्रण होतो, आणि व्रणाची कातडी ताणली जात नाही. जो घट्टपणा वयाबरोबर गेला असता, तो मग खरोखर आजार होऊन बसतो.

मग स्वच्छता कशी करायची? कातडी चिकटलेली असताना फक्त बाहेरून, साध्या कोमट पाण्याने. नळाला काही काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात भरलेल्या पिंपातलं एक तांब्या पाणी त्याला पुरतं. आत साबण नको, डेटॉल नको, तेल नको, कापसाचे बोळे नकोत. उन्हाळ्यात पारा 43-44 वर जातो तेव्हा डायपर दिवसभर ठेवू नये, सुती लंगोट बरा. मूल मोठं झालं आणि कातडी आपोआप, न दुखता मागे जाऊ लागली की त्याला स्वतःलाच अंघोळीच्या वेळी शिकवावं: जेवढी सहज जाते तेवढीच मागे, पाण्याने धुवायची आणि लगेच पुन्हा पुढे आणायची. हे 'पुढे आणणं' विसरलं तर कातडी मागे अडकून सूज येते. ती सुश्रुतांची परिवर्तिका. त्यात वेळ घालवायचा नाही, रात्र असली तरी सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच जायचं.

याशिवाय शू करताना मूल कुंथतं, धार अगदी बारीक किंवा थेंबथेंब येते, लाली-सूज-पू दिसतो, शू करताना मूल रडतं, ताप येतो, किंवा आधी सैल असलेली कातडी पुढे पांढरट आणि कडक होते, तर डॉक्टरांना दाखवावं. आणि न्हाऊ घालताना बघण्यासारखी एक गोष्ट आहे, जी सगळ्यांच्या नजरेतून सुटते. दोन्ही वृषणं, बोलीत गोट्या, पिशवीत उतरल्या आहेत का? सहा महिन्यांपर्यंत उतरल्या नसतील तर सर्जनला दाखवायलाच हवं.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींना दोष देऊन यातलं काही सुटणार नाही. त्यांच्या हातात माया असते, आणि त्यांना कोणी कधी हे सांगितलेलंच नसतं. 2011 पासून आशाताई बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. वजन बघतात, ताप बघतात, नाळ बघतात. तिसऱ्या दिवशीच, आजी आणि मावशी दोघी समोर असताना, त्यांनी "याला हात लावायचा नाही" एवढं एक वाक्य सांगायला हवं. माझ्या धाकट्याच्या वेळी ते मी स्वतः सांगितलं. त्याच मावशी होत्या. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग तेलाचं बोट बेंबीपाशी थांबवून म्हणाल्या, "बरं, आता न्हाई लावणार हात." मी म्हटलं, "मावशी, बेंबीतही तेल नका घालू."