अक्षरांवरून इंग्रजी शब्दांचा शोध

दिलेली अक्षरे ज्यांच्या स्पेलिंगमध्ये येतात असे इंग्रजी शब्द हुडकण्याची रीत. शब्दकोडी, स्क्रॅबल, वर्डल यांसारख्या खेळांत आणि भाषेच्या अभ्यासात तिची गरज पडते. नेहमीचा शब्दकोश येथे फारसा कामी येत नाही. त्यात शिरायचे तर शब्दाचे आद्याक्षर आधी ठाऊक असावे लागते. हा शोध केवळ स्पेलिंगचा असतो. लिसन, सायलेंट, एन्लिस्ट आणि टिन्सेल हे शब्द कानाला अगदी वेगवेगळे लागतात, पण चौघांत तीच सहा अक्षरे आहेत.

‘ही अक्षरे असलेला शब्द’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्यातून निदान पाच निरनिराळे प्रश्न निघतात. एन, जी, एस, टी ही चार अक्षरे घेऊ. ती कुठेही, कोणत्याही क्रमाने चालत असतील तर स्ट्रिंग, स्ट्राँग, जायंट्स असे पुष्कळ शब्द सापडतात. याच क्रमाने यावीत, मध्ये दुसरे अक्षर आले तरी हरकत नाही, असे म्हटले की लाँगेस्ट आणि कंजेस्ट उरतात. सलग हवीत म्हटले तर गँगस्टर, यंगस्टर, टंगस्टन आणि अँग्स्ट. फक्त हीच चार वापरायची ठरवली, तर स्वर नसल्यामुळे नेहमीच्या वापरातला एकही शब्द होत नाही. आय हे अक्षर जोडताच स्टिंग तयार होतो, आणि प्रत्येक अक्षर हवे तितक्या वेळा घेण्याची मुभा मिळाली तर सिटिंग आणि इन्सिस्टिंगसुद्धा त्यात बसतात. पाचवा प्रश्न जागांचा. शब्दकोड्यात एस, टी, आर, एक रिकामे घर, मग एन, जी असे दिसले तर स्ट्रिंग, स्ट्राँग, स्ट्रंग हे तिन्ही बसतात आणि निवड सूचक वाक्यावरून करावी लागते. शोधणाऱ्याचा वेळ वाया जातो तो बहुधा यांपैकी आपला प्रश्न कोणता हे न ठरवल्यामुळे.

शब्दांना आद्याक्षराऐवजी दुसऱ्या टोकाने लावण्याची कल्पना जुनी आहे. जॉन वॉकर याने १७७५ मध्ये शेवटच्या अक्षरांनुसार रचलेला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य उपयोग यमके जुळवणाऱ्यांना होता, पण ठरावीक शेवट असलेले शब्द त्यात आपोआप एका जागी आले. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात आर्थर विन याचे पहिले आधुनिक शब्दकोडे छापले गेले आणि रिकाम्या घरांवरून शब्द ओळखणे हा घरोघरचा छंद झाला. पुढे आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने वृत्तपत्रांतील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून, पटावर अक्षरांच्या टाइल्स मांडून शब्द बनवण्याचा एक खेळ रचला. १९४८ मध्ये तो स्क्रॅबल या नावाने बाजारात आला. इंग्रजी संचातील १०० टाइल्सपैकी ई हे अक्षर १२ टाइल्सवर असून त्याला एकच गुण आहे. क्यू आणि झेड एकेकच, पण प्रत्येकी १० गुणांचे.

कागद-पेन्सिलीने शोधताना स्वर आणि व्यंजने वेगळी मांडणे, आणि आयएनजी, ईडी, ईआर हे शेवट किंवा आरई, यूएन ही सुरुवात आधी बाजूला काढून पाहणे फायद्याचे ठरते. मुरलेले स्क्रॅबलपटू याहून पुढे जातात. हातातील अक्षरे ते वर्णानुक्रमाने लावतात. या मांडणीला त्यांच्यात अल्फाग्राम म्हणतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी असा संच दिसला की रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर हे सर्व त्यांना एकदम आठवतात, कारण पाठांतर शब्दाचे नसून संचाचे असते. अर्थ कळण्याची गरज नाही, हेही सिद्ध झाले आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नसताना शब्दयादी पाठ करून २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला.

संगणकही नेमकी हीच युक्ती वापरतो. सात वेगवेगळी अक्षरे ५,०४० प्रकारे मांडता येतात. त्यांतून निघणारी एक ते सहा अक्षरी मांडणीही धरली तर आकडा १३,६९९ वर जातो. एवढ्या मांडण्या करून एकेक मांडणी शब्दयादीत पाहणे हा द्राविडी प्राणायाम झाला. यादीतील प्रत्येक शब्दाची अक्षरे एकदाच वर्णानुक्रमाने लावून ठेवली की सात अक्षरांतून निघणारे केवळ १२७ संच तपासावे लागतात. कोरी टाइल असली तर तिच्या जागी सव्वीसही अक्षरे धरून हेच पुन्हा करायचे. ‘ही अक्षरे कुठेही असोत’ एवढ्याच प्रश्नाला त्याहून साधा उपाय आहे: प्रत्येक अक्षराला एक, याप्रमाणे २६ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा २६ खुणांत, शब्दाची नोंद ठेवायची. मात्र त्यात अक्षर आहे की नाही एवढेच कळते, किती वेळा आहे ते नाही. जागांच्या प्रश्नासाठी नमुनाशोध वापरतात. केन थॉम्प्सन याने युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी लिहिलेल्या ग्रेप या शोध-आज्ञेत अनोळखी अक्षराच्या जागी टिंब दिले की काम भागते. स्क्रॅबल खेळणाऱ्या प्रोग्रामसाठी अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये संपूर्ण शब्दकोश एका आलेखात, म्हणजे जोडलेल्या बिंदूंच्या जाळ्यात, दुमडण्याची पद्धत मांडली. त्यात शब्दांच्या सारख्या सुरुवाती आणि सारखे शेवट एकदाच साठवले जातात.

वर्डल या खेळात उत्तरात नसलेली अक्षरेही तितकीच उपयोगी असतात. जॉश वॉर्डल याचा हा पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात शेवटची चार अक्षरे आय, जी, एच, टी आहेत असे कळले की आनंद होतो, पण तो फसवा असतो. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट हे आठ शब्द समोर उभे राहतात आणि संधी तर एकूण सहाच. एकेक करून पाहण्यापेक्षा फ्लेम हा शब्द टाकावा. तो उत्तर असूच शकत नाही, तरी एफ, एल, एम आणि ई यांचा निकाल एका फटक्यात लावतो. खेळाच्या कठीण प्रकारात मात्र ही वाट बंद असते, कारण सापडलेली अक्षरे पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात.

शोध कितीही चोख असला तरी उत्तर शेवटी यादीवर ठरते. विशेषनामे आणि संक्षेप बहुतेक खेळांत बाद असतात. उत्तर अमेरिकेतील स्क्रॅबलपटूंची यादी वेगळी, आणि इतरत्र चालणारी कॉलिन्स या शब्दकोश-प्रकाशकाची यादी वेगळी व अधिक मोठी. झेड आणि ओ ही दोन अक्षरे हाती असतील तर कॉलिन्सप्रमाणे झो हा शब्द होतो. अमेरिकी यादीत तो नाही. यूशिवाय क्यू हाती अडकणे ही खेळाडूंची जुनी डोकेदुखी होती. २००६ मध्ये ‘ची’ हा क्यू आणि आय यांचा दोन अक्षरी शब्द अमेरिकी यादीतही आला आणि तेव्हापासून क्यू खपवणे पुष्कळ सोपे झाले.